पावसाळ्यानंतर लेगोचे डबे उघडले की कुबट वास, चिकटपणा आणि न जुळणारी यादी

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की गोव्यातल्या घरात सप्टेंबरअखेरपर्यंत बरणीतलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. अशा हवेत वापरलेले लेगो दिवाळी-नाताळच्या गिऱ्हाइकासाठी साठवून ठेवायचे, म्हणजे तक्रार ठरलेलीच. मे महिन्यात स्वच्छ करून भरलेले डबे चवथ झाल्यावर उघडले, तर माल वास मारतो, हाताला चिकटतो आणि मोजला तर यादीपेक्षा कमी भरतो. फोंडा असो, डिचोली असो की मडगावातला फ्लॅट, माझ्याकडे येणारे डबे याच तीन रोगांचे असतात. आणि प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : "डिह्युमिडिफायर (खोलीतली हवा कोरडी करणारं यंत्र) कुठला घेऊ रे?" त्यावर माझं उत्तर असतं, आधी डब्यातला पुठ्ठा बाहेर काढ. यंत्राची पाळी सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- झाकण उघडताच कुबट वास येतो, पण एकच तुकडा हातात घेऊन हुंगला तर फारसा येत नाही.
- ठोकळ्याच्या पोकळ बाजूला, नळ्यांच्या बेचक्यात पांढुरकी भुकटी किंवा काळे ठिपके दिसतात.
- वरून बोट फिरवलं की चिकट लागतं. पिशवी आतल्या तुकड्यांना धरून बसते.
- स्टिकरच्या कडा उचलल्यात, सूचनापुस्तिकांची पानं लाटांसारखी झालीत किंवा एकमेकांना चिकटलीत.
- आगगाडीच्या चाकांच्या धातूच्या आसावर, टेक्निकच्या (लेगोच्या गाड्या-यंत्रं जोडायच्या संचांच्या) शॉक अॅब्झॉर्बरमधल्या स्प्रिंगवर गंज आहे. बॅटरी बॉक्समध्ये पांढरं किंवा हिरवट कवच धरलंय.
- वजनावर मोजलेला लॉट गिऱ्हाइकाकडे गेला की तुकडे कमी निघतात.

पांढरे आणि फिकट राखाडी ठोकळे पिवळे पडले असतील तर तो ओलीचा दोष नव्हे. ते ऊन आणि उष्णतेचं काम. एकाच बाजूने पिवळे असतील तर डबा खिडकीसमोर होता एवढं समजा. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ते पुन्हा पांढरे करतात, पण रंग परत पिवळा पडू शकतो. मी विकायच्या मालावर हा प्रयोग करत नाही. पिवळा माल पिवळा म्हणूनच विकावा, मुलांना खेळायला घेणारे पालक तो आनंदाने नेतात.

प्लॅस्टिक कुजत नाही

लेगोचा ठोकळा 1963 पासून एबीएस प्लॅस्टिकचा आहे. एबीएस पाणी जवळजवळ पीतच नाही आणि बुरशीला त्यात खायला काही मिळत नाही. बुरशी जगते ती ठोकळ्यावरच्या मळावर : पोरांच्या हाताचं तेल, बिस्किटाचा चुरा, मांजराचे केस, नीट न खळबळलेल्या साबणाचा थर. त्यात डब्यातला पुठ्ठा, वर्तमानपत्र, कागदी लेबल आणि स्टिकरचा गोंद यांची भर. म्हणून वास आला की माल फुकट गेला असं धरू नका. डब्यात प्लॅस्टिक सोडून आणखी काय काय आहे, ते शोधायचं.

1. वास कशाला येतोय?

स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घ्या. मूठभर तुकडे त्यात टाकून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. मालाचा मूळ डबा रिकामा करून तोही झाकून ठेवा. सकाळी दोन्ही उघडून हुंगा. रिकाम्या डब्यालाच वास असेल, आणि पुष्कळदा तसंच निघतं, तर डबा साबणाने घासून पंख्याखाली वाळवला की निम्मं काम झालं. ही तपासणी आधी करायची ती याचसाठी, की ती टाळली तर दहा-बारा किलो माल विनाकारण धुवावा लागतो, आणि भर पावसात धुतलेला माल वाळवणं हीच पुढची मोठी डोकेदुखी.

2. डब्यातला कागद

तळाला वर्तमानपत्र घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. "कागद ओल ओढून घेतो" हे खरंच आहे. पण ओढलेली ओल तो तिथेच धरून ठेवतो, चार महिने. पुठ्ठ्याचे खोके, घडी घातलेल्या पुस्तिका, कागदी चिठ्ठ्या, सगळं बाहेर काढा. तांदळाची पुरचुंडी ठेवणारेही असतात. तिने ओल किती जाते देव जाणे, सोंडे मात्र नक्की होतात.

पुस्तिका आणि मूळ खोकी हा माल वेगळा समजा. त्यांना किंमत चांगली येते, पण ठोकळ्यांच्या संगतीत नाही. त्या झिपलॉक पिशव्यांत, लोखंडी कपाटात, वरच्या खणात ठेवा.

यादी चुकण्याचं एक कारणही इथेच असतं. ऑगस्टमध्ये प्रिंटरची शाई फुटते, सेलोटेपचा गोंद पातळ होऊन चिठ्ठी डब्याच्या तळाशी जाते, आणि मग 2×3 च्या डब्यात 2×4 शिरतात (हे आकडे ठोकळ्यावरच्या उंचवट्यांच्या रांगांचे). दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याची पट्टी कापा, तिच्यावर पक्क्या मार्करने क्रमांक लिहा आणि ती पट्टी पिशवीच्या *आत* टाका. ना गोंद, ना कागद.

चिठ्ठी हरवलीच असेल तरी घाबरायचं कारण नाही. बहुतेक तुकड्यांच्या पोकळ बाजूला बारीक उठावाचा क्रमांक असतो. 2×4 ठोकळ्याचा 3001, 2×2 चा 3003, 1×2 प्लेटचा, म्हणजे चपट्या तुकड्याचा, 3023. भिंगातून दिसतो. ब्रिकलिंकसारख्या लेगोच्या ऑनलाइन बाजारात याच क्रमांकांवर व्यवहार चालतो, तेव्हा चिठ्ठीवर "छोटी चपटी" असं न लिहिता हा क्रमांकच घाला. रंगाची खात्री मात्र खिडकीपाशी करा. 2004 च्या सुमारास लेगोने राखाडीच्या छटा बदलल्या, जुनी किंचित पिवळसर आणि नवी निळसर. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच दिसतात, आणि गिऱ्हाईक परत पाठवतं ते नेमकं यावरून.

3. डबा ठेवलाय कुठे?

चिऱ्याची भिंत पाणी पिते. गिलावा असला तरी पश्चिमेची, वाऱ्या-पावसाचा मार खाणारी भिंत जुलैत आतून ओली असू शकते, अन् हाताला ते कळेलच असं नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला फॉइलचा चौकोन भिंतीला लावा, चारी कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. उपाय दोन्हींचे वेगळे. हवेची ओल असेल तर पुढच्या तपासण्या उपयोगी पडतील. भिंतीची असेल तर डबे आजच्या आज दुसऱ्या भिंतीकडे न्या आणि शेवटचा भाग वाचा.

डबे जमिनीवर नकोत. फळीवर ठेवा, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून. कौलारू घरातल्या माळ्यावर तर नकोच नको. एप्रिल-मेमध्ये तिथे इतकं तापतं की स्टिकरचा गोंद आधीच सुटतो आणि पावसात बाकीचं होतं.

4. भरताना माल कोरडा होता का?

"वाळवून भरलाय" असं सगळेच सांगतात. खरी गोम इथेच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक 2×4 ठोकळा उलटा करून पाहा. आत तीन नळ्या आहेत. नळी आणि भिंत यांच्यामधल्या बेचक्यात पाण्याचा थेंब बसला की तो उलटा धरला, झटकला, तरी पडत नाही. वरून ठोकळा चकचकीत कोरडा असतो. असे हजार ठोकळे झाकणबंद डब्यात भरले, की हजार थेंब आत कोंडले. मग झाकण कितीही घट्ट असो. उलट घट्ट असेल तितकं वाईट.

हाच थेंब यादी बिघडवतो. 2×4 चं वजन सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास असतं आणि पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 ग्रॅम. कोरड्या तुकड्यांवरून एका नगाचं वजन काढलं आणि लॉट ओलसर असताना तोलला, तर हजार तुकड्यांमागे वीसएक तुकडे जास्तीचे दिसतात. ते तुकडे नव्हतेच कधी. लहान प्लेटमध्ये तर चूक आणखी वाढते, कारण थेंब तेवढाच आणि तुकडा हलका. म्हणून वजनावर मोजायचं असेल तर त्याच लॉटमधले शंभर तुकडे हाताने मोजा, त्यांचं वजन घ्या आणि त्यावरून बाकीचा हिशेब करा. शंकेला जागा असेल तर दोन दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरलं असेल तर माल ओला होता.

फुकटातली आणखी एक चाचणी आहे. मूठभर तुकडे पारदर्शक झिपलॉक पिशवीत घालून फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) थोडा वेळ ठेवा. पिशवीला आतून वाफ धरली तर आत ओल असण्याची शक्यता आहे.

पुन्हा धुवायची वेळ आली तर कोमट पाण्यात, 40 अंशांच्या वर नको, भांडी घासायचा सौम्य साबण पुरतो. वॉशिंग मशीन नको, तिथे तुकडे घासटतात. बॅटरी-मोटरचे भाग, स्प्रिंगचे भाग, कापडी झगे आणि स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात घालायचेच नाहीत. बुरशीचे ठिपके कोरड्या ब्रशने झाडू नका, ती हवेत उडते आणि तुमच्या छातीत जाते. तोंडाला मास्क लावून, बाल्कनीत किंवा मागच्या पडवीत, ओल्या ब्रशनेच काढा. हट्टी डागाला पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर चालतो. घरातलं ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

धुतल्यावर जोडलेल्या प्लेटा सुट्या करा, नाहीतर दोहोंमधलं पाणी महिनाभर हलत नाही. बाजारची भाजीची जाळीदार पिशवी घ्या, माल तिच्यात घालून अंगणात दणादण झटका. मग जुन्या मच्छरदाणीच्या कापडावर पसरा, पोकळ बाजू खाली, आणि खालून-वरून पंखा. जाळी महत्त्वाची आहे. लादीवर पसरलं तर खालची बाजू तशीच ओली राहते. कडक उन्हात घालू नका आणि हेअर ड्रायरही नको, तुकड्याचा आकार बिघडतो. जुलैत दोन-तीन दिवस धरून चला. माझं मत विचाराल तर पावसात धुवूच नये. मे महिन्यापर्यंत जमेल तेवढा माल धुऊन भरावा, त्यानंतर आलेला माल कोरड्या फडक्याने पुसून वेगळा ठेवावा आणि ऑक्टोबरात धुवावा.

5. चिकटपणा कुठून येतो?

साबणाने धुऊनही चिकटपणा परत येत असेल तर तो मळ नव्हे. शेजारी काय होतं ते पाहा.

डब्याच्या तळाचा त्रिकोण बघा. आत 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, 2 किंवा 4 असेल तर पॉलिथिलीन, हे चालतात. 3 म्हणजे पीव्हीसी. मऊ पीव्हीसीत घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या प्लॅस्टिकवर बसतं. पलंगाच्या किंवा सोफ्याच्या चादरी ज्यात येतात त्या जाड, मऊ, चेनवाल्या पारदर्शक पिशव्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. दिसायला झकास, पण लेगोला वाईट.

रबरबँड तर उष्णतेत वितळून तुकड्यावर पट्टा उमटवतात. टायर आणि रबरी पट्टे वेगळ्या पिशवीत घाला.

आणि डांबरगोळ्या! कपाटात कपड्यांबरोबर टाकायची आपली जुनी सवय. त्यांच्या वाफेने स्टायरीनच्या जातीचं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि एबीएस त्याच जातीतलं. तुकड्याची चकाकी गेली, वर धुरकट थर आला आणि धुऊन जात नाही, तर कपाटात कुठे गोळी आहे का पाहा. गोळी काढली तरी गेलेली चकाकी परत येत नाही.

6. डब्यातली हवा

इथून खर्च सुरू होतो. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्या आणि डब्याच्या *आत* ठेवा. खोलीचा आकडा पावसाळ्यात 85-90 च्या घरात असणारच, तो पाहून जीव घाबरा करून घेऊ नका. डब्यातला आकडा 65 च्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही, 70 च्या वर राहिला तर धरते.

वर असेल तर सिलिका जेल घाला. नारिंगी दाणे घ्या, ओल शोषली की हिरवे होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणेही मिळतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि आपला माल शेवटी मुलांच्या हातात जाणार आहे. दाणे ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा कामाला येतात. रंग न पाहता पावसाळाभर तीच पुडी ठेवली तर तिचा उपयोग शून्य. कपाटात ठेवायचे, पाणी साचत जाणारे डबे असतात ते मालाच्या डब्यात घालू नका. ते कलंडले की खारट पाणी सगळ्या मालावर.

7. मांडणी

आता सिलिका जेल घालूनही मीटर उतरत नसेल तर दोष मांडणीत आहे. सगळा माल मोठ्या खणांत, आणि प्रत्येक ऑर्डरला खण उघडा, हात फिरवा, बंद करा. म्हणजे रोज बाहेरची दमट हवा आत.

माल दोन भागांत करा. चालता माल, रोज हात लागणारा, छोट्या खणांत, थोडाच. पडून असलेला माल मोजून झिपलॉक पिशव्यांत, पिशव्या मोठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यातच सिलिका जेल. खण संपला की एक पिशवी फोडायची आणि यादीत तेवढीच नोंद करायची. याने हवेचा प्रश्न तर सुटतोच, वर मोजणी आपोआप होते : पिशवी म्हणजे शंभर नग, खणात असतील ते हाताने मोजा.

आणि रंगावर वेगळं करू नका. लाल रंगाच्या ढिगातून लाल 1×2 प्लेट शोधणं म्हणजे जीव काढणं. तेच 1×2 प्लेटच्या ढिगात लाल रंग चटकन दिसतो. आधी आकार, मग माल फारच वाढला तर रंग. गडद लाल आणि तपकिरी तुकडे तेवढे बाजूला ठेवा. काही वर्षांतल्या या रंगांचे तुकडे ठिसूळ असतात, दाबले की तडकतात. त्यांना इतरांच्या ओझ्याखाली ठेवू नका आणि विकण्याआधी एकेक पाहून घ्या.

किनाऱ्यालगत, कळंगुट-हणजुणे पट्ट्यात राहणाऱ्यांनी धातूचे भाग आधी आणि वेगळे बंद करावेत. खारी हवा त्यांना पावसाळ्याची वाट पाहू देत नाही.

8. यंत्र

एवढं सगळं करून खोलीच दमट राहत असेल आणि माल एक खोली भरेल इतका असेल, तर डिह्युमिडिफायर घ्या. दोन कपाटांसाठी घेऊ नका, त्या पैशांत चांगले डबे येतात. चालू असताना दारं-खिडक्या बंद हव्यात, नाहीतर तो अख्ख्या वाड्याची हवा वाळवत बसेल. पावसात वीज जाते-येते, तेव्हा वीज आल्यावर तो आपोआप सुरू होतो का ते विकत घेतानाच विचारा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फॉइलची भिंतीकडची बाजू ओली निघाली, गिलावा फुगला किंवा रंगाचे पापुद्रे सुटले, तर प्रश्न लेगोचा राहिला नाही. गळकी पाइप असेल तर प्लंबर, नाहीतर वॉटरप्रूफिंगवाला. वरून रंग मारून ओल झाकू नका.

ओल्या भिंतीवरचं सॉकेट गरम लागतं, बटण दाबताना झिणझिण्या येतात किंवा यंत्र लावलं की ट्रिप होतं : मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्वतः उघडून पाहायचं नाही.

साध्या अल्कलाइन सेलची गळती तुम्ही हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसू शकता. रिचार्जेबल बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला लावू नका, टोचू नका, पार्सलमध्ये घालू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बुरशीचा माल हाताळल्यावर खोकला, धाप किंवा डोळ्यांची जळजळ होत असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर ते काम सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. शे-दोनशे रुपयांच्या तुकड्यांसाठी छाती पणाला लावायची गरज नाही.

शेवटचा प्रकार क्वचित येतो, पण येतो. पोर्तुगालहून किंवा आफ्रिकेतून परतलेल्यांच्या जुन्या घरात एखादी फार जुनी पेटी निघते, तिच्यातले ठोकळे वाकडे झालेले, रंग वेगळाच, जोडले तर पकड ढिली. ते 1963 च्या आधीचे, सेल्युलोज अॅसिटेटचे असू शकतात. त्या प्लॅस्टिकचा आकार काळाबरोबर बिघडतो. ते धुऊ नका, किलोच्या मालात मिसळू नका. पेटी आहे तशी, तिच्यातल्या कागदासकट, जुन्या लेगोचा संग्रह करणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि मगच किंमत सांगा.